दोन व्होल्टवर बफर किती भार उचलतो?

७४एचसी२४४ ही आठ बफरांची चिप. डेटाशीटच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत असतं: सप्लाय २ ते ६ व्होल्ट. आतल्या तक्त्यात शिरलं की चित्र जरा बदलतं. ४.५ व्होल्टच्या ओळीत आउटपुटवर ६ मिलिअँपिअरचा भार ठेवून हमी दिलेली असते, ६ व्होल्टच्या ओळीत ७.८ मिलिअँपिअरचा. २ व्होल्टच्या ओळीत भार आहे फक्त २० मायक्रोअँपिअर. तेवढ्या भारावर ‘हाय’ किमान १.९ व्होल्ट राहील आणि ‘लो’ ०.१ व्होल्टच्या वर जाणार नाही, एवढंच वचन. मिलिअँपिअरमधला भार लावला तर काय होईल, यावर तक्ता गप्प. २० मायक्रोअँपिअर म्हणजे ६ मिलिअँपिअरचा तीनशेवा भाग.

एखाद्या गेटच्या बाबतीत हे मौन चाललं असतं. गेटचं काम निर्णय देणं. बफरला मात्र निर्णय घ्यायचाच नसतो. जे आत आलं तेच बाहेर द्यायचं, फक्त जोर लावून. लांब वायर, दहा चिपांचे इनपुट, एखादा एलईडी, मॉस्फेटचं गेट असलं ओझं उचलायला त्याला ठेवलेलं असतं. आणि सप्लाय उतरू लागला की त्याचं नेमकं हेच काम आधी ढेपाळतं. शून्याला शून्य आणि एकाला एक म्हणण्याची त्याची अक्कल बराच काळ शाबूत राहते. अंगातलं बळ त्याच्या कितीतरी आधी गेलेलं असतं. पहिल्या पानावरचे २ व्होल्ट अकलेचे आहेत, बळाचे नाहीत. माझ्या मते हे अर्धसत्य आहे, आणि सेलवर चालणारी पुष्कळ उपकरणं त्यानेच फसतात.

बळ जातं कुठे, हे पाहायला आउटपुटच्या शेवटच्या पायरीपर्यंत जावं लागतं. तिथे दोन ट्रान्झिस्टर उभे असतात. वरचा पी-मॉस आउटपुटला सप्लायकडे ओढतो, खालचा एन-मॉस ग्राउंडकडे. फेअरचाइल्डमध्ये फ्रँक वॉनलास याने १९६३ साली मांडलेली ही सीमॉसची जोडी आजही तशीच आहे. यातला ट्रान्झिस्टर किती प्रवाह देईल ते त्याच्या गेटवरच्या व्होल्टेजमधून थ्रेशोल्ड, म्हणजे तो चालू व्हायला लागणारा किमान व्होल्टेज, वजा केल्यावर जे उरतं त्यावर ठरतं, आणि गेटवर सप्लायपेक्षा जास्त व्होल्टेज कधीच नसतो. थ्रेशोल्ड ०.९ व्होल्ट धरून हिशेब करू. सप्लाय ४.५ असेल तर हातात उरतात ३.६, सप्लाय २ असेल तर उरतात १.१. म्हणजे सप्लाय निम्म्याहून थोडा खाली आला, पण जोराचं भांडवल तिसऱ्या हिश्शाच्याही खाली गेलं. जुन्या, लांब चॅनेलच्या ट्रान्झिस्टरमध्ये प्रवाह या उरलेल्या आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ३.६चा वर्ग १२.९६ आणि १.१चा १.२१, म्हणजे प्रवाह जवळजवळ अकरापट घटला.

हा कागदी हिशेब खरा ठरतो का? आउटपुटवरचा कपॅसिटर भरायला लागणारा वेळ म्हणजे चढायची उंची भागिले प्रवाह. २ व्होल्टवर उंचीही सव्वादोन पट कमी झालेली असते, म्हणून वेळ अकरापट न वाढता पावणेपाच पटीच्या आसपास वाढायला हवा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या तक्त्यात एचसी२४४चा विलंब ४.५ व्होल्टवर जास्तीत जास्त २३ नॅनोसेकंद आहे आणि २ व्होल्टवर ११५. बरोबर पाचपट. एका ओळीच्या गणिताने इतकं जवळ पोचावं, हे इलेक्ट्रॉनिक्समध्ये रोज घडत नाही.

रोधाचं बघू. ४.५ व्होल्टवर ६ मिलिअँपिअर देताना ‘हाय’ किमान ३.९८ व्होल्ट राहतो, म्हणजे ०.५२ व्होल्ट आतच खर्च होतात. वरच्या ट्रान्झिस्टरचा रोध, वाईटात वाईट धरला तर, ८७ ओहम. खालचा याच भाराला ०.२६ व्होल्टवर आवरतो, म्हणजे नेमका निम्मा रोध. पी-मॉसमध्ये वाहणारे होल मुळात इलेक्ट्रॉनांपेक्षा सुस्त असतात. त्यामुळे एलईडी लावायचा तर आउटपुट आणि ग्राउंडच्या मध्ये न लावता सप्लाय आणि आउटपुटच्या मध्ये लावावा, हा जुना सल्ला कमी व्होल्टेजवर जास्तच कामाचा. त्याच ०.९च्या थ्रेशोल्डने २ व्होल्टचा अंदाज काढला तर वरचा रोध तिपटीहून वाढून २८५ ओहमच्या घरात जातो. एक मिलिअँपिअर मागा, पाव व्होल्टहून जास्त आत जिरेल. उत्पादकाला हे सांगायला लाज वाटली असेल असं नाही, पण चाचणीची ओळ त्याने २० मायक्रोअँपिअरवरच थांबवली.

हे सगळं निभावतं, कारण पुढची चिपही सीमॉसच असते आणि तिचा इनपुट जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. तरी गोंगाटाला किती जागा उरते ते पाहावं. ४.५ व्होल्टवर हलक्या भाराचा ‘हाय’ ४.४ आणि पुढच्या इनपुटला हवा ३.१५, मधे सव्वा व्होल्टची ऐसपैस जागा. २ व्होल्टवर ‘हाय’ १.९ आणि हवा १.५, उरले ०.४. रिलेच्या कॉइलचा किंवा मोटरचा एक झटका तेवढी जागा सहज खातो.

एचसीच्या आधीच्या घराण्यांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात होता. आरसीएने १९६०च्या दशकाच्या शेवटी आणलेली ४०००ची मालिका ३ ते १८ व्होल्टवर चालते म्हणतात, पण तिचं खरं तारुण्य १५ व्होल्टवर. ५ व्होल्टवर तिचं साधं आउटपुट ‘लो’ अवस्थेत अर्ध्या मिलिअँपिअरची हमी देतं, १५ व्होल्टवर ३.४ मिलिअँपिअरची (तिथे आउटपुट थोडं जास्त वर चढू देतात, हे खरं). म्हणजे ५ व्होल्ट हाच तिच्यासाठी कमी सप्लाय. म्हणून तर ४०४९ आणि ४०५० हे खास बफर त्या मालिकेत ठेवावे लागले.

टीटीएलची तर तऱ्हाच निराळी. तिथे वरचं टोक सप्लायला कधीच टेकत नाही. दोन जंक्शनांचे मिळून साधारण १.४ व्होल्ट वाटेतच जातात. ५ व्होल्टवर ३.५च्या आसपास ‘हाय’ मिळतो आणि इनपुटला २.० पुरतात, म्हणून सगळं सुरळीत. त्याच चिपला नियम मोडून ३.३ व्होल्ट दिले तर ‘हाय’ १.९वर येतो: २.०च्या अगदी खाली, म्हणजे कधी चालेल, कधी नाही. असा दोष शोधायला सगळ्यात वाईट. सप्लाय आणखी उतरला की खालची बाजूही सुटते, कारण खालच्या ट्रान्झिस्टरपर्यंत प्रवाह पोचायला वाटेत तीन जंक्शनं ओलांडावी लागतात, म्हणजे सुमारे २.१ व्होल्ट. त्याखाली टीटीएलचं आउटपुट ‘लो’ राहूच शकत नाही, ते नुसतं लोंबकळतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी ‘दोनशे चव्वेचाळीस द्या’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याने पुडीतली चिप एलएस (म्हणजे टीटीएलच) आहे, एचसी आहे की एचसीटी, हे काउंटरवरच वाचून घ्यावं. दोन सेलवर चालवायची असेल तर यातली एकच थोडीफार उपयोगी आहे.

थोडीफार म्हणण्याचं कारण सेलच्या स्वभावात आहे. नवा अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा, आणि संपला म्हणायचा तो ०.९ व्होल्टला. दोन सेल म्हणजे ३ पासून १.८ पर्यंतची उतरण. शेवटचा पल्ला एचसीच्या २ व्होल्टच्याही खाली. शिवाय सेल जुना होतो तसा त्याचा आतला रोध वाढतो. म्हणजे बफरचं बळ ज्या घडीला सर्वांत कमी, त्याच घडीला बफरने ओढलेल्या प्रत्येक मिलिअँपिअरने सप्लाय आणखी खाली जातो.

थंडीत तर दुहेरी मार. एरवी चिप तापली की मंद होते, कारण तापल्यावर इलेक्ट्रॉनांची चाल रेंगाळते. पण तापमान वाढलं की थ्रेशोल्डही उतरतो, अंशाला एक-दोन मिलिव्होल्टने. भरपूर सप्लाय असेल तेव्हा हा दुसरा परिणाम नगण्य. सप्लाय थ्रेशोल्डच्या जवळ आला की तोच वरचढ होतो. मग चित्र उलटं: गरम चिप चपळ, गार चिप सुस्त. कमी व्होल्टेजचं यंत्र तपासायला ओव्हनमध्येच ठेवणाऱ्याने एकदा फ्रीजरही वापरून पाहावा. तिथे सेलही गारठलेला असतो.

नव्या घराण्यांनी यावर काय केलं? एलव्हीसीने थ्रेशोल्ड खाली आणला, चॅनेल आखूड केलं आणि, मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे, प्रत्येक व्होल्टेजला वेगळा भार लिहून हमी दिली. ७४एलव्हीसी१जी१२५ हा एकच बफर असलेला बारका तुकडा १.६५ ते ५.५ व्होल्टवर चालतो. ४.५ व्होल्टवर ३२ मिलिअँपिअर देताना ‘हाय’ किमान ३.८, ३ व्होल्टवर २४ मिलिअँपिअरला २.३, २.३ व्होल्टवर ८ मिलिअँपिअरला १.९; १.६५ व्होल्टवर ४ मिलिअँपिअरला १.२. भागाकार करून रोध काढले तर अनुक्रमे २२, २९, ५० आणि ११२ ओहम येतात. हे हमीचे, म्हणजे सर्वांत वाईट चिपचे आकडे. हातातली चिप बहुधा बरी निघते. पण ५ वरून ३.३वर येताना फारसं बिघडत नाही आणि १.८च्या आसपास मात्र वाट एकदम खचते, हा आकार तिच्यातही तोच.

वायर लांब असेल तर या आकड्यांना आणखी एक अर्थ येतो. छापील सर्किटवरचा ट्रॅक वेगवान कडेसाठी बहुधा ५० ओहमचा रोध असल्यासारखा वागतो. बफर ‘हाय’ होतो त्या क्षणी त्याला पलीकडची चिप दिसतच नसते, ट्रॅकचे ५० ओहमच दिसतात. आतला रोध २९ असेल तर सप्लायच्या ६३ टक्क्यांची पायरी ट्रॅकवर निघते, उघड्या टोकाला जाऊन दुप्पट होते आणि सप्लायच्याही वर उसळते. ३.३ व्होल्टच्या बोर्डावर स्कोप लावला की दिसणारं ते थरथरणं हेच, आणि त्यासाठीच आउटपुटपाशी २२ किंवा ३३ ओहमचा रेझिस्टर टाकायची पद्धत पडली. १.६५ व्होल्टवर हाच बफर ११२ ओहमचा होतो. पहिली पायरी ३१ टक्के, म्हणजे अर्ध्या व्होल्टला जेमतेम. टोकाला दुप्पट होऊन १.०२. आणि १.८ व्होल्टच्या जेडेक मानकात इनपुटला ‘हाय’ मानायला लागतात सप्लायच्या ६५ टक्के, म्हणजे १.०७. चिमूटभर कमी पडलं! आता लाट परत येऊन पुन्हा जाईपर्यंत थांबायचं, आणि ट्रॅकच्या मधोमध बसलेल्या चिपा तर त्याहून जास्त वेळ ना धड हाय ना धड लो अशा अवस्थेत. ३.३ व्होल्टचा बोर्ड १.८वर नेताना तो २२ ओहमचा रेझिस्टर सवयीने तसाच ठेवणाऱ्यांना हा हिशेब दाखवावासा वाटतो. तिथे तो औषध नाही, दुखणं आहे.

मग इतका त्रास घेऊन व्होल्टेज उतरवायचा कशाला? कपॅसिटर भरण्या-रिकामा करण्यात जाणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ५ वरून ३.३वर आलं की ती ४४ टक्क्यांवर येते, १.८वर आलं की १३ टक्क्यांवर. एवढ्या बचतीपुढे बाकीचं सगळं सोसायची उद्योगाची तयारी असते.

त्याच वाटेने पुढे एयूसी आणि एयूपी ही ०.८ व्होल्टपर्यंत उतरणारी घराणी आली. दोघांचा स्वभाव वेगळा. एयूसी १.८ व्होल्टला डोळ्यासमोर ठेवून वेगासाठी बांधलेली, १.६५ व्होल्टवर ती ८ मिलिअँपिअर देते, १.१वर ३, आणि ०.८वर ०.७ मिलिअँपिअर. एयूपी काटकसरी, ३ व्होल्टवरही तिचा भार ४ मिलिअँपिअरचा, १.१वर १.१, आणि ०.८वर पुन्हा तेच जुने २० मायक्रोअँपिअर. एचसीच्या २ व्होल्टच्या ओळीचं भूत ०.८ व्होल्टच्या ओळीत येऊन बसलं. घराणं बदललं, थ्रेशोल्ड बदलला, तळाच्या ओळीची ठेवण तीच राहिली.

त्याच्याही खाली लॉजिक चालतं का? चालतं, आणि हे फार आधीपासून माहीत आहे. स्वॉनसन आणि माइंडल यांनी १९७२ साली दाखवलं होतं की सीमॉसचा इन्व्हर्टर खोलीच्या तापमानाला ०.२ व्होल्टच्या आसपासही हाय आणि लो वेगळे ठेवू शकतो. थ्रेशोल्डच्या खाली ट्रान्झिस्टर बंद नसतो, नुसता झिरपत असतो. दर साठ-सत्तर ते शंभर मिलिव्होल्टला हे झिरपणं दहापट बदलतं, आणि तेवढा फरक शून्य-एक ओळखायला पुरतो. एमआयटीत वँग आणि चंद्रकासन यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला एफएफटी प्रोसेसर १८० मिलिव्होल्टवर चालला. वेग होता १६४ हर्ट्झ. पण असल्या चिपमधल्या वायरी मायक्रोमीटरच्या, ओझं फेम्टोफॅरडचं. बाहेरच्या ५० पिकोफॅरडच्या वायरीवर तसलं झिरपणं सोडलं तर एक कड चढायला घड्याळ लावून बसावं लागेल. म्हणून आजच्या प्रोसेसरचा गाभा एका व्होल्टच्या आसपास चालतो आणि कडेचे आउटपुट बफर जाड ऑक्साइडच्या ट्रान्झिस्टरांनी १.८ किंवा ३.३ व्होल्टवर वेगळे चालवले जातात. घरात अनवाणी, दारात बूट.

आतापर्यंतचा सगळा विषय हमीच्या आतला होता. खरी गंमत हमीच्या खाली, आणि तिथून प्रत्येक यंत्राला रोज दोनदा जावं लागतं: चालू होताना आणि बंद होताना. सप्लाय शून्यातून ३.३ला चढतो त्या काही मिलिसेकंदांत बफरचं आउटपुट काय करतं, हे डेटाशीट क्वचितच सांगतं. सप्लाय दोन्ही थ्रेशोल्डच्या बेरजेहून कमी असेल तर मधल्या पट्ट्यात वरचाही ट्रान्झिस्टर बंद आणि खालचाही. आउटपुटवर आधीचा जो चार्ज असेल तोच तसाच. आणि ट्राय-स्टेट बफरला ‘गप्प राहा’ सांगणारी एनेबलची तार आतल्या ज्या लॉजिकमधून जाते, ते लॉजिकही त्याच अर्धमेल्या सप्लायवर उभं. शिपाई झोपेत आणि किल्ली त्याच्याच खिशात. एबीटी आणि एलव्हीटी या बायसीमॉस घराण्यांत यासाठी वेगळं सर्किट घातलं. एलव्हीटीत सप्लाय दीड व्होल्टच्या खाली असेपर्यंत आउटपुट तोडलेलंच राहतं, एबीटीत २.१ व्होल्टपर्यंत. त्यावर मात्र एनेबल पुल-अप रेझिस्टरने सप्लायला बांधा, असं डेटाशीटच बजावतं. या एका वाक्याकडे दुर्लक्ष करून बनवलेले बोर्ड मी पाहिले आहेत. चालू करताना रिले एकदा ‘टक्’ करतो, आणि सगळे म्हणतात, तेवढं होतंच.

बफर जर मॉस्फेटचं गेट चालवत असेल तर ‘तेवढं होतंच’ महागात पडतं. अर्धवट व्होल्टेज मिळालेला मॉस्फेट ना चालू ना बंद, आणि सगळी उष्णता स्वतःच्या अंगावर घेतो. गेटपासून ग्राउंडला दहा किलोओहम टाकला तर १० मायक्रोअँपिअरची गळतीसुद्धा गेटला ०.१ व्होल्टवर ठेवते. काही पैशांचा रेझिस्टर.

उलट बाजूचा भुताटकीचा प्रकार बंद यंत्रात दिसतो. एचसीच्या प्रत्येक इनपुटवरून सप्लायकडे एक डायोड जातो. चिपचा सप्लाय काढला, पण दुसऱ्या बोर्डावरून तिच्या इनपुटला ३.३ व्होल्ट येत राहिले, तर त्या डायोडमधून चिपच्या सप्लायच्या तारेवर २.६-२.७ व्होल्ट जमा होतात. २ व्होल्टवर अक्कल शाबूत राहणारी चिप एवढ्यावर खुशाल जागी होते. वायर काढली तरी एलईडी मिणमिणतो, रीसेट होत नाही, आणि इनपुटची पाळी ‘लो’ची आली की सगळं एकाएकी मरतं. एलव्हीसीत हा डायोडच नाही; सप्लाय शून्य असताना इनपुट-आउटपुटमधून गळणारा प्रवाह १० मायक्रोअँपिअरच्या आत राहील, अशी लेखी हमी असते. दोन वेगळ्या सप्लायांमधला ७४एलव्हीसी१टी४५ तर कुठलीही एक बाजू ग्राउंडला गेली की दोन्हीकडची आउटपुटं सोडून देतो. दोन बोर्ड जोडायचे असतील तर एचसीपेक्षा दोन रुपये जास्त मोजून हेच घ्यावेत, असं माझं मत आहे, आणि ते भुताटकीच्या मागे घालवलेल्या एका आख्ख्या रविवारातून आलेलं आहे.

सप्लाय पुरेसा नाही तोवर सगळ्यांना थांबवून धरायचं काम सुपरव्हायझर चिपचं. मॅक्स८०९ ही त्यातली तीन पायांची. तिचं स्वतःचं आउटपुटही एक बफरच, आणि तोही याच सप्लायवर. एक व्होल्टपर्यंत ती रीसेटची तार खाली धरून ठेवते; त्याखाली तिचा ट्रान्झिस्टर सुटतो आणि तार मोकळी पडते. यावरचा उपाय तिच्याच डेटाशीटमध्ये दिला आहे: रीसेटपासून ग्राउंडला १०० किलोओहमचा एक रेझिस्टर. शून्य व्होल्टलाही तो तार खाली धरून ठेवतो, आणि त्याला सप्लाय लागत नाही.